सोलापुरात राहून रिब्रीदर बाळगायचा तर

तारकर्लीत डाइव्हिंग शिकून पुढे कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान करून आलेली मुलं हल्ली विचारतात, "ताई, रिब्रीदर घेऊ का?" मी त्यांना उलट विचारते: घरी टेबलापाशी बसून एकाच यंत्राची जोडणी, तपासणी आणि धुणंपुसणं तासन्‌तास करायला तुम्हाला मनापासून आवडतं का? क्लोज्ड सर्किट रिब्रीदर म्हणजे आपलाच उच्छ्वास साफ करून परत श्वासाला देणारं डाइव्हिंगचं यंत्र. त्याचं बहुतेक काम कोरड्यावर होतं. सोलापूरकराला तर मालवण गाठायलाच आख्खा दिवस मोडावा लागतो, त्यामुळे वर्षातला बराच काळ हे यंत्र आपल्या घरात, आपल्या उन्हात आणि आपल्या धुळीत राहणार. ते तिथे कसं सांभाळायचं, हे मी लिहिते आहे. चालवायचं कसं हे प्रशिक्षकाकडूनच शिकायचं.

मी बायोमेडिकल इंजिनियर आहे. हॉस्पिटलातली भुलेची यंत्रं आणि व्हेंटिलेटर यांची देखभाल हे माझं रोजचं काम. भुलेच्या यंत्रात रुग्णाचा उच्छ्वास कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या दाण्यांच्या डब्यातून फिरवून त्याला परत देतात. रिब्रीदरमध्ये हेच होतं. व्हेंटिलेटरमध्ये ऑक्सिजन मोजणारा जो सेल असतो, त्याच जातीचे तीन सेल यात बसवलेले असतात. मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, रुग्णाच्या उशाशी भूलतज्ज्ञ बसलेले असतात. पाण्यात ती नजर आपली आपणच ठेवायची असते.

यंत्र करतं काय

साध्या स्कूबात आपण टाकीतून श्वास घेतो आणि उच्छ्वास बुडबुड्यांनी पाण्यात सोडून देतो. त्या सोडलेल्या हवेत अजून १६-१७ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. खोल गेलं की ही उधळपट्टी वाढते. वर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ३० मीटरवर चारपट, म्हणजे ८० लिटर लागते. शरीर ऑक्सिजन मात्र मिनिटाला साधारण एक लिटरच वापरतं, मग माणूस ३ मीटरवर असो की ३० मीटरवर.

रिब्रीदर तेवढाच एक लिटर भरून काढतो. उच्छ्वास नळीतून काउंटरलंग नावाच्या पिशवीत जातो, तिथून लाइमच्या डब्यात. लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. त्यात पाणी आणि उष्णता तयार होते, म्हणून परत येणारा श्वास कोमट आणि ओलसर लागतो. पुढे तीन सेल ऑक्सिजनचा दाब मोजतात, कमी वाटला तर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, टक्‌ करून थोडा ऑक्सिजन सोडतो. दुसऱ्या सिलिंडरात डायल्युएंट, म्हणजे ऑक्सिजन सौम्य करणारा वायू असतो, सुरुवातीला साधी हवाच. खाली जाताना दाबाने पिशव्या आक्रसतात, त्या तो भरून काढतो. दोन लिटरचा ऑक्सिजन सिलिंडर १५० बारपर्यंत भरला तर ३०० लिटर झाले. एवढ्यात तासाभराची डाइव्ह करून भरपूर उरतो.

कल्पना जुनी आहे. हेन्री फ्लूस यांनी १८७८ मध्ये असं उपकरण केलं आणि १८८० मध्ये इंग्लंडात सेव्हर्न नदीखालच्या, पाण्याने भरलेल्या बोगद्यात अलेक्झांडर लँबर्ट ते घालून गेले. हौशी डाइव्हरच्या हाती मात्र हे यंत्र १९९७ नंतरच, इन्स्पिरेशन नावाचं मॉडेल बाजारात आल्यावर, ठिकठिकाणी दिसू लागलं.

किंमत परदेशातच सहा-सात लाखांच्या पुढे. त्यावर कस्टम, कोर्स, दरवर्षीचे सेल, लाइम. हे सगळं धरूनही मी म्हणेन, पैशाचा हिशेब दुसरा. पहिला हिशेब जिवाचा. १९९८ ते २०१० या काळात जगभरात नोंदल्या गेलेल्या १८१ रिब्रीदर-मृत्यूंचा अभ्यास अँड्र्यू फॉक यांनी २०१३ मध्ये मांडला. साध्या स्कूबाच्या तुलनेत धोका ४ ते १० पट, असा त्यांचा अंदाज आहे. हे आकडे वाचून जो थोडा वेळ गप्प बसतो, त्याच्याशी मी पुढचं बोलते.

आणि खरं सांगायचं तर मालवणच्या दहा-बारा मीटरच्या डाइव्हसाठी रिब्रीदरची गरज नाही. तिथे तो सरावाला न्यायचा. त्याचं चीज होतं नेत्राणीला, अंदमानात, लक्षद्वीपला, जिथे पाणी स्वच्छ आहे आणि बुडबुड्यांचा आवाज नसल्यामुळे मासे पळत नाहीत, उलट जवळ येऊन बघतात.

ऑक्सिजन कुठून आणायचा

आधी सिलिंडरचा कागद बघा. भारतात गॅस सिलिंडरवर पेसो या केंद्र सरकारच्या खात्याचं नियंत्रण आहे, मुख्यालय आपल्या नागपुरातच. परदेशी शिक्क्याचा सिलिंडर कितीही चांगला असला तरी पेसोची मान्यता नसेल तर परवानाधारक माणूस तो भरणार नाही, भरूही नये. म्हणून युनिट मागवतानाच विक्रेत्याला लेखी विचारा की सिलिंडर मान्यताप्राप्त आहेत का. नसतील तर सिलिंडर वगळून घ्या आणि मान्यतेचे इथेच शोधा.

भरणं एमआयडीसीतल्या ऑक्सिजनवाल्याकडे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथले काका सिलिंडर हातात फिरवत म्हणाले, "मॅडम, हा कुठल्या हॉस्पिटलचा? व्हॉल्व्ह आमच्याकडला न्हाई." बरोबरच होतं. हॉस्पिटलच्या सिलिंडरचं तोंड वेगळं, डाइव्हिंगचं वेगळं. पितळी अडॅप्टर लागतो, तोही ऑक्सिजनसाठी साफ केलेला. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात घरीच ओतून घेण्याचा विचार मनातही आणू नका. त्याला परवाना लागतो, आणि तो नियम आगीच्या भीतीने केलेला आहे.

दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचं वावडं आहे. व्हॉल्व्हवर लागलेला तेलाचा बोटभर डागसुद्धा पेट घेऊ शकतो. आमच्या घरात शेंगाचटणीशिवाय जेवण होत नाही आणि डोक्याला खोबरेल असतंच, म्हणून माझा नियम असा: जेवल्यावर साबणाने दोनदा हात धुतल्याखेरीज ऑक्सिजनच्या बाजूला हात लावायचा नाही. ओ-रिंगला, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्याला, साधं सिलिकॉन ग्रीस चालत नाही, ऑक्सिजनला चालणारं वेगळं ग्रीस मिळतं, तेच. आणि व्हॉल्व्ह उघडायचा अगदी सावकाश. झटक्याने उघडला तर पुढच्या बंद नळीत वायू एकदम दाबला जाऊन तापतो आणि ठिणगी तिथेच पडते.

लाइम आणि आपला उन्हाळा

लाइमची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, आणि सोलापुरात ती दुप्पट घ्यावी लागते.

लाइम कोरडं दिसलं तरी त्यात वजनाच्या साधारण १५ ते १९ टक्के पाणी असतं. ते पाणीच कार्बन डायऑक्साइडला आधी विरघळवून घेतं. पाणी उडालं की दाणे असून नसल्यासारखे. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा ४२-४३च्या घरात असतो आणि हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर तासाभरात वाळते. त्या हवेत लाइमचा डबा अर्धवट उघडा राहिला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून मोठा ड्रम घेण्याचा मोह टाळा, छोटे डबे घ्या. उघडल्यावर तोंडाला टेप, वर उघडल्याची तारीख, आणि डबा घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीलगत. गच्चीवरची खोली, गाडीची डिकी, पत्र्याची शेड या तिन्ही जागा बाद.

हॉस्पिटलातलं लाइम सहज मिळतं म्हणून अनेकांना मोह होतो. ते वापरू नका. त्याचे दाणे जाड असतात, आणि डाइव्हिंगच्या लाइमचे १ ते २.५ मिलिमीटरचे. कंपनीने डब्याची जी वेळमर्यादा दिलेली असते, ती त्या बारीक दाण्यांवर तपासलेली असते. भुलेच्या लाइमला रंग बदलणारा सूचक असतो, वापरून झालं की रंग येतो. पण थोडा वेळ ठेवल्यावर तो रंग परत फिका पडतो, हे आमच्या ओटीतल्या प्रत्येक टेक्निशियनला माहीत आहे. रंगावर विसंबायचं नाही. घड्याळावर आणि वहीवर विसंबायचं.

भरायचं असं. वाऱ्याकडे पाठ करून बाहेर बसा, नाकाला मास्क लावा. लाइम थोड्या उंचीवरून यंत्राच्या डब्यात ओता म्हणजे भुकटी वाऱ्याने उडून जाईल. एक तृतीयांश भरलं की डब्याच्या कडेला तळहाताने चहूबाजूंनी थापटा. पुन्हा ओता, पुन्हा थापटा. शेवटी जाळी बसवून डबा कानाशी धरून हलवा. आतून सळसळ ऐकू आली तर दाणे सैल आहेत, आणि सैल दाण्यांतून उच्छ्वास स्वतःची वाट काढून न शोषला जाताच पलीकडे पोचतो. माझ्या डब्यात अडीच किलोच्या आसपास बसतं आणि कंपनीची मर्यादा तीन तासांची आहे. अर्धं वापरलेलं लाइम काढून पुन्हा भरू नका. ताजे दाणे कुठे आणि संपलेले कुठे याचा पत्ता उरत नाही. आज एक तास वापरून उद्या पुन्हा वापरायचं असेल तर डबा न उघडता, तोंडं बंद करून ठेवा आणि वापरलेली मिनिटं डब्यावरच पेन्सिलीने लिहा.

सेल, आणि सोलापूरची उंची

सेलवर बनवल्याची तारीख छापलेली असते. बनवल्यापासून १८ महिने किंवा बसवल्यापासून १२ महिने, जे आधी येईल तेव्हा काढून टाकायचा, चालत असला तरी. उन्हात सेल लवकर म्हातारा होतो. तिन्ही सेल एकाच वेळी, एकाच खोक्यातून बसवू नका. यंत्र तिघांचं मत घेतं आणि ज्या दोघांचं जुळतं त्यांचं खरं धरतं. एका वयाचे दोन सेल एकाच वेळी कमी दाखवू लागले तर खरं सांगणारा तिसराच खोटा ठरतो आणि यंत्र जास्तीचा ऑक्सिजन सोडत राहतं. मी दर चार-पाच महिन्यांनी एकच बदलते.

घरी कॅलिब्रेशन करताना, म्हणजे सेलचं माप खऱ्या आकड्याशी जुळवताना, एक गोष्ट सोलापूरकराने लक्षात ठेवलीच पाहिजे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे. इथे हवेचा दाब १ बार नाही, ०.९६च्या आसपास असतो. शुद्ध ऑक्सिजन भरल्यावर सेलने ०.९६ दाखवायला हवं. हँडसेटला, म्हणजे सेलचे आकडे दाखवणाऱ्या पडद्याला, १.० सांगून कॅलिब्रेट केलं तर पुढचं प्रत्येक माप खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसेल. बहुतेक नवे हँडसेट दाब स्वतः मोजतात, तरी तो आकडा डोळ्यांनी बघा आणि किनाऱ्यावर पोचल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करा.

त्याहून भरवशाची खूण मिलिव्होल्टची, म्हणजे सेल जी बारीकशी वीज देतो तिची. सेल हवेत १० मिलिव्होल्ट देत असेल तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्याने त्याच्या ४.७८ पट, म्हणजे ४८च्या जवळ द्यायला हवं. उंची कुठलीही असो, हे गुणोत्तर बदलत नाही. दर महिन्याला तिन्हींचे आकडे वहीत उतरवा. जो सेल खालच्या मापात बरोबर आणि वरच्या मापात मागे राहू लागतो, त्याने जायची वेळ झाली.

टॉवेलचा धागा

सोलापूरचा टॉवेल जगात जातो, पण रिब्रीदरच्या टेबलावर त्याला जागा नाही. टेरीचा एक सुटा धागा, केसाइतका, ओ-रिंगखाली बसला की लाइमच्या डब्यात थेंब थेंब पाणी शिरतं. लाइममध्ये भिजलेलं ते पाणी नळीतून तोंडात आलं तर घसा भाजतो. बिनधाग्याचे कागदी वाइप वापरा. ओ-रिंग बसवण्याआधी ती दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात पूर्ण फिरवा, मग खाच बघा, मग तर्जनीची कड खाचेतून एकदा फिरवा. डोळ्याला न दिसलेला धागा बोटाला लागतो. जवळपास यंत्रमाग असेल तर पंखा बंद करून जोडणी करा. कापसाचं पीस हवेतून कुठेही बसतं.

मग दोन चाचण्या. तोंडाने हवा ओढून लूप, म्हणजे श्वास फिरतो तो नळ्या-पिशव्यांचा बंद मार्ग, आवळायचा, माऊथपीस बंद करायचा आणि थांबायचं. नळ्यांच्या वळ्या आवळलेल्या दिसतात. त्या हळूहळू सैल झाल्या तर कुठेतरी गळती आहे. पुढची चाचणी उलटी, लूप फुगवून. दोन्हींना घाई करू नका, मी तेवढ्या वेळात सेलचे आकडे वहीत लिहिते. एकदिशा व्हॉल्व्हही हातानेच तपासा: एक नळी दाबून धरली की त्या बाजूने श्वास पूर्ण अडला पाहिजे. तो रबरी चकतीचा व्हॉल्व्ह उलटा बसला किंवा कडेला दुमडला तर तोच उच्छ्वास परत परत आत येत राहतो.

हे सगळं छापील यादीवर, प्रत्येक ओळीपुढे खूण करत. पाठ झालं म्हणून यादी सोडू नका. ओटीत रोज सकाळी भुलेचं यंत्र तपासताना वीस वर्षं काम केलेली सिस्टरही यादीच हातात घेते.

शेवटी पाच मिनिटं बसून, नाक बंद करून, लूपवर श्वास. यावरून लाइम ठीक असल्याची खात्री होत नाही. प्रयोगांत लाइममध्ये मुद्दाम दोष ठेवूनही अनेकांना काही जाणवलं नव्हतं. ही पाच मिनिटं असतात ऑक्सिजन ठरल्या आकड्यावर टिकतो का ते बघायला. नजर हँडसेटवरच हवी.

पाण्यात जाण्याआधी मनात पक्कं असावं ते

श्वास घ्यावासा वाटतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. लाइम तो कार्बन डायऑक्साइड काढून टाकत असतं, त्यामुळे ऑक्सिजनचा सिलिंडर बंद राहिला तरी छातीत गुदमरत नाही. बरं वाटत असतानाच शुद्ध जाते. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे सेल मोजतात तो एकट्या ऑक्सिजनचा दाब, ०.१६ बारच्या खाली गेला की धोका सुरू, ०.१०च्या आसपास शुद्ध हरपते. उलट बाजूला १.६च्या वर आकडी येऊ शकते. खालच्या मुक्कामाला १.२ किंवा १.३ ठेवतात. हा आकडा दर मिनिटाला वाचायचा.

सेलवर शंका आली तर डायल्युएंटने लूप धुऊन घ्या. हवा २० मीटरवर ०.६३ दाखवलीच पाहिजे, ३० मीटरवर ०.८४. न दाखवणारा सेल खोटा. आणि धाप लागली, डोकं जड झालं, उगाच घाबरल्यासारखं वाटलं तर कारण शोधत बसू नका, बेलआउटवर, म्हणजे लूप सोडून वेगळ्या सिलिंडरच्या साध्या श्वासावर, जा. कार्बन डायऑक्साइड चढल्यावर माऊथपीस बदलण्याइतका एक श्वाससुद्धा रोखून धरवत नाही. म्हणून बेलआउटचा वेगळा सिलिंडर कायम अंगावर, आणि सराव इतका की हात आपोआप तिथे जावा.

तो सराव सोलापुरात स्विमिंग पूलमध्ये होतो, मॅनेजरशी नीट बोलून, दुपारच्या रिकाम्या वेळेत आणि सोबत जाणकार माणूस ठेवून. पूलमध्येच कळतं की इथे श्वास घेऊन वर उठता येत नाही. छातीतली हवा पिशवीत आणि पिशवीतली छातीत जाते, एकूण तरंगणं तेवढंच राहतं. साध्या स्कूबात मुरलेल्या माणसाला हे नव्याने शिकावं लागतं. उजनीत सरावाला जाऊ नका. पाणी ओसरलं की दिसणारं पळसदेवचं देऊळ खाली जाऊन पाहावं असं मलाही वाटतं, पण तिथे हँडसेटचा आकडा दिसत नाही आणि मासेमारीची जाळी कुठे आहेत ते कळत नाही. शिवाय धरण समुद्रसपाटीपासून जवळपास ५०० मीटरवर आहे, म्हणजे हिशेबही उंचीवरच्या डाइव्हचा.

मालवणला नेताना आणि आल्यावर

रेल्वेत सिलिंडर नेता येत नाही, गाडीनेच. आडवे, पट्ट्यांनी घट्ट बांधून, आणि चहाला थांबलात तरी उन्हात गाडी बंद करून सोडायची नाही. अंदमानला विमानाने जाताना सिलिंडर रिकामे, व्हॉल्व्ह काढलेले. सोडियम हायड्रॉक्साइड ४ टक्क्यांहून जास्त असलेलं सोडा लाइम धोकादायक मालात मोडतं, तुमचं त्याखाली असल्याचा कंपनीचा कागद बरोबर ठेवा.

परत येताना घाट आडवा येतो. आंबोली असो की गगनबावडा, दोन्ही ६०० मीटरच्या वर. डाइव्ह करून लगेच तिथे चढणं म्हणजे विमानात बसल्यासारखंच, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास मालवणातच काढा. त्या वेळात लूप जंतुनाशकाने धुऊन सावलीत टांगा. घरी आल्यावर पुन्हा गोड्या पाण्यात. बोअरचं जड पाणी सोलेनॉइडपाशी पांढरा थर धरतं, आणि नळाला आपल्याकडे रोज पाणी नसतं. निघण्याआधीच दोन बादल्या फिल्टरचं पाणी भरून ठेवून जा.

बोटीवर चढल्यावर तांडेलशी बोलल्याशिवाय पाण्यात उतरू नका. त्यांना बुडबुडे बघून डाइव्हरच्या मागे बोट ठेवायची सवय असते. मी सांगते, "दादा, माझे बुडबुडे दिसणार नाहीत. केशरी फुगा वर आला की तिथे मी आहे. एवढ्या वाजेपर्यंत फुगा नाही आला तर माझ्या जोडीदाराला विचारा." आणि माऊथपीसचा खटका त्यांच्या हाताने दोनदा बंद-उघडा करून घेते. पृष्ठभागावर आलेला माणूस खूण करत नसेल तर त्याचं तोंड पाण्याबाहेर धरायचं, माऊथपीस काढायचा आणि खटका लगेच बंद करायचा. तो उघडा राहिला तर लूपमध्ये पाणी भरतं आणि यंत्र माणसाला खाली ओढतं.